डाव्या हाताचा ठेका

साठी उलटेपर्यंत माझ्या डाव्या हाताला एकच काम ठाऊक होतं, पेटीचा भाता मारायचं. कौतुक व्हायचं ते उजव्याचं. बाईंची बोटं काय फिरतात, असं लोक म्हणायचे, आणि डावा आपला मागं गुमान भाता हलवत बसायचा. साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात मी सत्तावीस वर्षं पेटी वाजवली. गुरुवारचं भजन, एकादशीचं भजन, कुणाकडं सत्यनारायण असला की तिथलं भजन. अशा मला कुणी म्हणालं असतं की बाई, तुम्हाला ठेका धरता येत नाही, तर मी त्याला चहासुद्धा न देता दारातून परत धाडलं असतं.

आणि एक जण म्हणालाच. तेही सांगलीला, लेकीच्या घरी, माझ्या तोंडावर. चहा पिऊन झाल्यावर.

पण आधी आमच्या ह्यांचं सांगते, कारण साठीनंतर पियानो शिकायला बसायचं खूळ काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. हे फौजेतले. वडूजकडच्या कोरडवाहू गावातून अठराव्या वर्षी तोफखान्यात भरती झाले आणि सुभेदार होऊन परत आले. चालणं असं की बाजारात मी दोन पिशव्या घेऊन मागं धावतेय आणि हे पुढं ताठ. "अहो, जरा हळू," म्हटलं की म्हणायचे, "तूच पाय उचल की जरा." त्या माणसाला पार्किन्सन झाला. आधी हात थरथरायला लागला, ते आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. मग पाय चिकटायला लागले. चिकटतात म्हणजे खरोखर चिकटतात. चालता चालता दार आलं, की वरचं अंग पुढं जातं आणि पाय फरशीला खिळलेले. कधी त्याच्या उलट, बारीक बारीक पावलं टाकत पळतच सुटतात आणि थांबता येत नाही. साताऱ्याच्या घरी बाथरूमच्या दारात असेच अडकले आणि तोंडावर आपटले. भुवईवर टाके पडले.

लेक सांगलीला बँकेत आहे. ती त्याच दिवशी आली आणि म्हणाली, "आता बास. तुम्ही दोघं माझ्याकडं चला." माधवनगरला तिचं घर. जावई नोकरीनिमित्त बंगळूरला, नात शिकायला पुण्याला, त्यामुळं खोल्या रिकाम्याच होत्या. आम्ही दोन ट्रंका आणि माझी पेटी घेऊन आलो.

इथं आल्यावर लेकीनं हुकूम काढला. हाताला धरल्याशिवाय आप्पांनी बाथरूमला जायचं नाही. झोपायची खोली, मग बोळ, मग बाथरूम. दोन दारं आणि मध्ये बारा-तेरा पावलं. सकाळी ती त्यांना धरून न्यायची, दुपारी मी. लेकीबरोबर जाताना हे भिंतीकडं बघत जायचे. एकदा सुद्धा तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की उशाचा पाण्याचा तांब्या सकाळी भरला होता तसाच आहे. दुसऱ्या दिवशीही तसाच. विचारलं तर आधी काहीबाही सांगितलं. मग म्हणाले, "पोरीचा हात धरून संडासला जायचं, त्यापरीस तहान बरी." मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. डॉक्टरांनी चांगलं झापलं, पाणी प्यायला नाही तर मूत्रपिंडं जातील म्हणाले. लेकीनं फोनवर कमोडची खुर्ची शोधून काढली, पलंगाशेजारी ठेवायची. ह्यांनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ही खुर्ची घरात आली की मी अन्न सोडणार. ध्यानात ठिवा." आमचे हे बोलले की करणारे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. शेवटी लेकीनं महिन्याची मुदत दिली. महिन्यात आप्पा एकटे बाथरूमला जायला लागले तर ठीक, नाहीतर खुर्ची येणार.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, या आजारात ठेका ऐकवला की पाय सुटतात. कानाला एकसारखा ठोका मिळाला की त्यावर पाऊल टाकता येतं. तिनं लेकीच्या फोनमध्ये टिकटिक करणारं काहीतरी घालून दिलं आणि मिनिटाला ऐंशी ठोके ठरवून दिले. पण तोफांपायी ह्यांचा एक कान गेलेला, दुसरा अर्धा. टिकटिक ऐकू येईना. इअरफोन घातले तर दोन मिनिटांत काढून फेकले. "कानात बसून कुणीतरी सुपारी फोडतंय," म्हणाले.

तेव्हा मी कंबर कसली. म्हटलं, घरात सत्तावीस वर्षांची पेटीवाली बसली आहे, ती कशाला आहे? पेटी काढली, भाता मारला, सूर लावला. हे जागचे हलेनात. पेटीचा सूर गोड खरा, पण त्याला टोक नसतं. तो हळूच येतो, हळूच जातो. पाऊल नेमकं कुठं टाकायचं, ते त्यात कळत नाही.

हॉलमध्ये नातीचा डिजिटल पियानो पलंगपोसाखाली झाकून ठेवला होता. चिडून मी पलंगपोस ओढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि अगदी डावीकडची एक पट्टी ठोकली. आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "हे काय वाजलं? छातीत वाजलं की!"

मला वाटलं, झालं काम. कसलं काय! रोज एक पट्टी ठोकायची, त्यात काय शिकायचं, असं म्हणत मी बसले आणि लेकीनं शेजारी ती टिकटिक लावली. चौथ्या ठोक्याला मी फोनच्या पुढं, दहाव्याला मागं. फोन बिघडलाय, म्हटलं मी. दुसऱ्या दिवशी लेक पुढच्या गल्लीतल्या पियानोच्या मास्तरांना घेऊन आली.

हे मास्तर पंचेचाळिशीचे. मिरजेला त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनवायचं काम. मास्तर तेवढे लग्नाच्या वरातीत बँडबरोबर कीबोर्ड वाजवणारे, आणि बाकीच्या दिवशी पोरांचे क्लास घेणारे. आल्या आल्या त्यांनी माझ्या पेटीला हात लावून तो कपाळाला लावला, तेव्हा माणूस मला आवडला. मी त्यांना पेटीवर दोन चाली ऐकवल्या, मग पियानोवर ठोके ऐकवले. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काकू, रागावू नका. तुमचा सूर पक्का हाय. ठेका न्हाई."

मी रागावलेच. म्हटलं, "अहो, सत्तावीस वर्षं..."

"त्या सत्तावीस वर्षांत ठेका कोण धरत होतं?"

तबला धरत होता. टाळ धरत होते. मी सुरावर तरंगत होते आणि स्वतःला लय शहाणी समजत होते.

शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, उजवा हात मांडीखाली घालून बसा. त्याला काहीच करू द्यायचं नाही, तो पुढंपुढं करतो. साठीच्या बाईनं स्वतःच्याच हातावर बसून एकेक पट्टी वाजवायची! खालचा सा, खालचा सा, खालचा सा, खालचा सा. डावा हात पट्टी दाबायचा आणि हळूहळू सोडायचा, भात्याची सवय. "काकू, हवा भरू नका, ठोका द्या," मास्तर म्हणायचे. त्याहून वाईट खोड दुसरी. जरा जमायला लागलं की माझी लय चढायची. भजन शेवटाकडं आलं की लय चढतेच, टाळ कडाडतात, बायका डोलायला लागतात, तिथं पेटी मागं राहून कसं चालेल? तो चढ माझ्या अंगात इतका मुरलेला की दोन मिनिटांत ऐंशीचे शंभर व्हायचे आणि मला पत्ता नसायचा. मास्तर हात वर करून ओरडायचे, "काकू, गजर करू नका! गजर करू नका!" आतल्या खोलीतून हे हसायचे. त्या महिन्यात हसले ते तेवढेच.

मग मास्तरांनी बोलत बोलत वाजवायला लावलं. म्हणाले, "वरातीत मी वाजवत असतो, नवरदेवाचा मामा येऊन कानात गाणं सांगतो, पोरं अंगावर पडत्यात, एक बाजू हळू नाचती, एक बाजू जोरात. कुणाकुणाच्या मागं पळू? हात आपलं काम करतोय, तोंड आपलं. सांगा, आज भाजी काय केली?"

"घेवडा," म्हटलं, आणि हात थांबला.

रोज तेच. भाजी सांगा. कशी केली सांगा. भरल्या वांग्यांना कांदा परतायच्या आतच माझा ठेका पडायचा. माझ्या नाकी नऊ आले. रात्री अंथरुणात मी बोटं गादीवर आपटत पडायचे. पण तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तोंडानंच वांगी चिरली, दाण्याचं कूट घातलं, गूळ, गोडा मसाला, झाकण ठेवून वाफ काढली, वर कोथिंबीर पेरली, आणि शेजारची टिकटिक आणि माझा खालचा सा एकमेकांना सोडून गेले नाहीत. मास्तरांनी टिकटिक बंद केली. मी ताटं वाढली, ताकसुद्धा वाढलं. त्यांनी पुन्हा टिकटिक लावली, तर आम्ही दोघी जागच्या जागी.

"आता जावा काकांना चालवायला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पियानो फिरवून बोळाच्या तोंडाशी ठेवला, म्हणजे मला हे दिसतील. लेक ह्यांच्या मागं उभी राहिली, धरायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मी वाजवायला लागले. काय सांगू, पहिली चार पावलं हे फौजेतल्यासारखे टाकत आले. खोलीच्या दारात आले आणि चिकटले. वरचं अंग पुढं झुकलं. लेकीनं धरलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर पळतच सुटले आणि बोळाच्या भिंतीवर आदळता आदळता वाचले. मुदतीतले सहा दिवस उरले होते. खुर्ची मागवलेली नव्हती, पण लेक फोनवर ती उघडून बघत होती, ते मी पाहिलं.

मास्तरांना काही कळेना. "क्लासात तर तुमी पक्क्या हाय," म्हणाले. व्यायामवाल्या मुलीला दाखवायला म्हणून लेकीनं त्या दिवशी फोन कपाटावर उभा करून व्हिडिओ काढला होता आणि मलाही पाठवला होता. दुपारी भाकरी करून झाल्यावर मी तो बघायला घेतला, आणि बघता बघता कपाळावर हात मारला. दोष ह्यांच्या पायांचा नव्हताच. हे अडखळले की माझा हात सैल व्हायचा. हे थांबले की मी थांबत होते, आणि वर मान हलवून या, या, असं खुणावत होते. हे पळायला लागले की मीही त्यांच्याबरोबर गजर सुरू केला होता.

मी साथ करत होते. भजनात हाच तर माझा गुण होता. आमच्या मंडळात एक आजी होत्या, दम लागायचा, ओळीच्या मध्येच थांबायच्या, कधी पुढचे शब्द विसरायच्या. मी पट्टी धरून ठेवायची, त्या येईपर्यंत. गाणाऱ्याला उघडं पडू द्यायचं नाही, हे पेटीवालीचं पहिलं काम. आणि घरात तरी मी दुसरं काय केलं आयुष्यभर? ह्यांचा मूड बघून भाजी टाकली, ह्यांची बदली झाली की ट्रंका भरल्या. मला माझाच असा राग आला की फोन ओट्यावर आपटला.

संध्याकाळी पियानो भिंतीकडं तोंड करून ठेवला. ह्यांच्याकडं पाठ. तरी काही उपयोग झाला नाही, कारण कान उघडे होते. पाऊल घासल्याचा आवाज आला की हात आपोआप थबके. मग मात्र ह्यांचा पारा चढला. दारात चिकटलेले असतानाच ओरडले, "माझ्या मागं का येतीस? मी तुझ्या मागं यायचं हाय का तू माझ्या?"

मी वळून म्हटलं, "तुम्ही पडाल म्हणून!"

"आगं, परेडीला ढोलवाला आमच्या पायाकडं बघत न्हाई. उन्हानं चक्कर येऊन चार पोरं आडवी झाली तरी ढोल थांबत न्हाई. थांबला तर जी उभी हाईत ती बी पडतील."

"मी ढोलवाली नाही. मी बायको आहे तुमची!"

"मग थोडा येळ ढोलवाली हो."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर पोरगी हाय उचलायला. तू थांबायचं न्हाई. माझ्याकडं ध्यान द्यायचं न्हाई. समजलं का?"

लेकीला हसू आवरेना आणि मला रडू. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीसुद्धा काय, तर माझ्याकडं लक्ष देऊ नको.

चार दिवस मी पाठ करून वाजवत बसले. हे नुसते पलंगावर बसून पाय आपटायचे, लेफ्ट-राइट. मास्तर येऊन मुद्दाम माझ्या मागं खुर्ची पाडायचे, भांडं पाडायचे, एकदा तर "आई गं!" म्हणून खोटंच ओरडले. माझा हात चुकला की म्हणायचे, पुन्हा. शेवटी भांडं पडलं तरी खालचा सा चालू राहायला लागला. मनात मी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या त्यांना कधी कळू नयेत.

रविवार आला, मुदतीतला शेवटचा. लेक घरी होती. तिनं ह्यांना उभं केलं आणि हात काढून घेतले. मी भिंतीकडं तोंड करून बसले, उजवा हात मांडीखाली, आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. मागून पाऊल पडलं. नेमकं ठोक्यावर. दुसरं पडलं. मी मनातल्या मनात वांगी चिरायला घेतली. खोलीच्या दाराशी आले असावेत, कारण पावलांचा आवाज थांबला.

थांबला म्हणजे माझ्या ठोक्याशिवाय काहीच ऐकू येईना. माझ्या अंगातला कण न् कण म्हणत होता, ऊठ, वळून बघ, माणूस पडतोय तुझा. मी उठले नाही. खालचा सा. खालचा सा. हात दगडासारखा जड झाला होता. किती ठोके गेले कोण जाणे, मी मोजले नाहीत, माझ्या डोळ्यांसमोर फक्त भुवईवरचे ते टाके होते. जीव असा टांगणीला लागलेला मी माझ्या बाळंतपणातसुद्धा अनुभवला नाही. आणि मग धप्प करून पाऊल पडलं. ठोक्यावर. मग दुसरं. दार मागं पडलं होतं.

बोळात पावलं येत राहिली. बाथरूमच्या दाराशी पुन्हा थांबली. या खेपेला मी घाबरले नाही असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू, पण हात माझ्याकडं बघत नव्हता, तो आपलं काम करत होता. चार ठोके, आठ ठोके. पाऊल आत पडलं. दार लोटल्याचा आवाज आला. आणि आतून कडी लागली.

"आप्पा, कडी नको!" लेक किंचाळली. "डॉक्टरांनी सांगितलंय कडी लावू नका!"

लेक बोळात मटकन खाली बसल्याचं ऐकू आलं, आणि ती हसायला लागली, की रडायला, मला पाठमोरं कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाटलं, आता हात काढावा, पदरानं तोंड पुसावं, देवाला दिवा लावावा. मी पट्टीवरून बोट उचललं.

"आगं ए!" आतून सुभेदारांचा आवाज आला. "वाजवत ऱ्हा की! मला परत बी यायचं हाय."